पंचवीस हजार रिळं

'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांना डीव्हीडीच्या काळात एक गोष्ट हमखास खटकायची. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली मूळ मालिका पडद्यावर छान स्वच्छ दिसे. कॅप्टन कर्कच्या शर्टाचं कापड, मिस्टर स्पॉकच्या भुवया, पुठ्ठ्याचे वाटणारे खडकसुद्धा रेखीव दिसत. आणि १९८७ साली सुरू झालेली 'द नेक्स्ट जनरेशन', म्हणजे तिच्याहून एकवीस वर्षांनी लहान मालिका, मात्र धुरकट दिसे. लाल रंग कडांवरून ओघळल्यासारखा, अंतराळातला काळोख राखाडी, आणि कॅप्टन पिकार्डचा चेहरा काचेआडून पाहावा तसा. टीव्ही जितका मोठा घ्यावा तितकं हे जास्तच जाणवे.

मी ही मालिका ब्लू-रेवर जमवायला घेतली ती या कोड्यामुळे. सातही सीझन जमेपर्यंत उत्तरही मिळालं होतं. ते उत्तर मालिकेच्या कथेत नाही, ती तयार करतानाच्या हिशेबात आहे.

मूळ मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, फिल्मवरच कापली-जोडली गेली आणि तिची अंतिम प्रतही फिल्मवरच निघाली. त्या काळी दुसरा धड मार्गच नव्हता. घरोघरच्या टीव्हीवर यातलं फारसं काही दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण निगेटिव्हमध्ये ते उतरलेलं होतं. चाळीस वर्षांनी ती निगेटिव्ह नव्या यंत्रावर स्कॅन केली की चित्र तयार. २००६पासून नेमकं तेच झालं. सोबत अंतराळयानांची दृश्यं संगणकावर नव्याने करण्यात आली. ब्लू-रेच्या संचात मात्र जुनी आणि नवी अशी दोन्ही दृश्यं दिली आहेत, प्रेक्षकाने हवी ती निवडावी.

'नेक्स्ट जनरेशन'च्या वेळी नवा मार्ग उपलब्ध झाला होता. चित्रण फिल्मवरच व्हायचं, पण ती फिल्म लगेच व्हिडिओ टेपवर उतरवली जाई आणि पुढचं सगळं काम, म्हणजे संकलन, रंग, लेझरचे झोत, ग्रहासमोरून जाणारं यान, टेपवरच होई. ते स्वस्त होतं आणि झटपटही. दर आठवड्याला एक भाग द्यायचा असताना यानाचं प्रत्येक दृश्य फिल्मच्या जुन्या पद्धतीने जोडत बसणं परवडणारं नव्हतं. अमेरिकेतला टीव्ही ५२५ रेषांचा, त्यातल्या चित्राच्या साधारण ४८०. त्यापलीकडचं कोणी पाहणारच नाही, मग ते जपायचं कशाला? निर्णय अगदी व्यवहारी होता. त्याचा परिणाम असा की १७८ भागांची अंतिम प्रत फक्त टेपवर होती. फिल्मवर होते ते सुटे तुकडे.

भारतात आपण ही मालिका नव्वदच्या दशकात केबलवर पाहिली. अमेरिकी टेप आपल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत बदलून घेतलेली, सेकंदाला चोवीस फ्रेम्सची फिल्म आधी तीस आणि मग पंचवीस अशी दोनदा ताणून-दाबून बसवलेली, वर केबलवाल्याच्या वायरमधला मुंग्यांचा पाऊस. तरी मजा यायचीच. पण आपण पाहत होतो ती नकलेची नक्कल होती. अस्सल चित्र कोणीच पाहिलेलं नव्हतं, अमेरिकेतल्या प्रेक्षकांनीही नाही.

सप्टेंबर २०११मध्ये सीबीएसने जाहीर केलं की ही मालिका हाय डेफिनिशनमध्ये येणार. जुनी टेप ताणून मोठी करण्यात अर्थ नव्हता; जे टेपवर नाही ते कुठून येणार? म्हणून त्यांनी गोदामातल्या मूळ निगेटिव्ह बाहेर काढल्या. जवळपास पंचवीस हजार रिळं! मग प्रत्येक भाग पुन्हा जोडला गेला. जुना भाग समोर ठेवायचा, त्यातला प्रत्येक तुकडा कोणत्या डब्यातल्या कोणत्या टेकमधला आहे ते शोधायचं, तो स्कॅन करायचा आणि फ्रेमला फ्रेम जुळवून बसवायचा. म्हणजे १९८७ ते १९९४ या सात वर्षांतलं संकलन दुसऱ्यांदा करायचं.

यानांच्या दृश्यांचं काम तर याहून किचकट. एंटरप्राइझ यानाची प्रत्यक्ष प्रतिकृती होती, पहिली सहा फूट लांबीची. संगणकाने चालणारा कॅमेरा तिच्यावरून पुन्हा पुन्हा अगदी त्याच वाटेने फिरवायचे. एकदा यानाचा रंग आणि आकार टिपायला, एकदा फक्त खिडक्यांतले दिवे, एकदा कडा कापून घेण्यासाठी. असे सुटे थर मूळ वेळी टेपवर एकत्र केले होते. आता तेच थर फिल्मवरून घेऊन पुन्हा एकावर एक बसवले. जिथे तुकडा मिळाला नाही किंवा मुळातच टेपवर बनवला होता, तिथे नवं चित्र करावं लागलं. पण शक्य तिथे जुन्याच कारागिरांचं काम ठेवलं. मालिकेच्या कलाविभागात पूर्वी काम केलेले मायकल ओकुडा आणि त्यांच्या पत्नी डेनिस हे सल्लागार होते, हे या कामात दिसतं.

आणखी एक निर्णय मला मोलाचा वाटतो. तोवर टीव्ही आडवे, रुंद झाले होते. चित्र वरून-खालून कापून पडदा भरण्याचा मोह होता. बाजूला जास्तीचं चित्र फिल्मवर होतंही, पण तिथे दिवे, स्टँड, सेटच्या कडा डोकावत होत्या. त्यांनी चौकोनी चित्र तसंच ठेवलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, पण दिग्दर्शकाने लावलेली चौकट शाबूत राहिली.

या शोधाशोधीत एक जास्तीची गोष्टही हाती लागली. दुसऱ्या सीझनमधला 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग. डेटा हा यंत्रमानव कंपनीच्या सामानासारखी मालमत्ता आहे, की स्वतःच्या आयुष्याचा निर्णय घेण्याचा हक्क त्याला आहे, याचा खटला त्यात चालतो. वेळेत बसवण्यासाठी त्यातले प्रसंग कापले होते. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास यांच्याकडे न कापलेल्या भागाची एक व्हीएचएस कॅसेट राहिली होती. तिच्या आधारे निगेटिव्हमधून तो लांब भाग पुन्हा उभा केला गेला. स्टुडिओच्या गोदामातली पंचवीस हजार रिळं आणि एका लेखिकेच्या घरातली कॅसेट, दोन्ही नसती तर हा भाग आज पाहता आला नसता.

जुलै २०१२मध्ये पहिला सीझन आला, डिसेंबर २०१४मध्ये सातवा. अडीच वर्षांत काम पुरं झालं. आणि विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. लोक तोवर डिस्क सोडून स्ट्रीमिंगकडे वळत होते. त्याची किंमत पुढच्या मालिकांनी मोजली. १९९३ ते १९९९ची 'डीप स्पेस नाइन' आणि १९९५ ते २००१ची 'व्हॉयेजर' याच पद्धतीने बनल्या होत्या, चित्रण फिल्मवर आणि अंतिम प्रत टेपवर. त्यांचं असं पुनर्निर्माण झालेलं नाही. त्यांत आणखी एक अडचण आहे. मधल्या काळात प्रतिकृती मागे पडल्या आणि यानं संगणकावर बनू लागली, तीही त्या वेळच्या टीव्हीला पुरेल इतक्याच बारकाव्याची. फिल्म पुन्हा स्कॅन करता येते. ४८० रेषांसाठी काढलेलं संगणकाचं चित्र पुन्हा स्कॅन करून त्यात भर पडत नाही. ते नव्यानेच बनवावं लागतं. 'बॅबिलॉन ५'च्या २०२३च्या ब्लू-रेत ही तडजोड उघड दिसते. माणसं निगेटिव्हवरून आलेली, लख्ख. यानं मात्र जुन्याच चित्रांवरून मोठी केलेली. लाकूड-प्लास्टिकचं यान टिकलं आणि संगणकातलं यान जुनं झालं, असा हा उलटा न्याय.

'डीप स्पेस नाइन'मध्ये नेमकं काय दडलं आहे याची चुणूक मिळाली ती 'व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड' या माहितीपटात. त्याला चाहत्यांनी वर्गणी काढून पैसे पुरवले, आणि त्यातून मालिकेतले काही प्रसंग फिल्मवरून स्कॅन करून दाखवता आले. ते पाहिल्यावर डीव्हीडीकडे वळवत नाही.

'नेक्स्ट जनरेशन'चा पहिला संच आला त्याच वर्षी, २०१२मध्ये, शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा 'सेल्युलॉइड मॅन' हा पी. के. नायर यांच्यावरचा माहितीपटही आला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी नायरसाहेबांनी आयुष्यभर रिळं गोळा केली. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'चे आज जे भाग पाहता येतात त्याचं श्रेय त्यांचं. चांगला सिनेमा, वाईट सिनेमा अशी निवड ते करत नसत. आधी ठेवा, किंमत पुढचे लोक ठरवतील, असा त्यांचा खाक्या होता. तरीही १९३१चा 'आलम आरा' हाती लागला नाही तो नाहीच. तिकडे बीबीसीने साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू'च्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. त्यातले नऊ भाग २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात सापडल्याचं जाहीर झालं. हरवलेल्या बाकीच्या भागांचा निदान आवाज उरला आहे, तोही घरी बसून टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरणाऱ्या पोरांमुळे.

मला कोणी विचारतं, सगळं ऑनलाइन असताना या डिस्क कशाला? नोव्हेंबर २०२१मध्ये 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी' अमेरिकेबाहेरच्या नेटफ्लिक्सवरून रातोरात गेली, आपल्याकडेही. जून २०२३मध्ये 'प्रॉडिजी' ही मालिका पॅरामाउंट प्लसने स्वतःच काढून टाकली. पुढे ती नेटफ्लिक्सने घेतली, पण मधले महिने ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडेच ती होती. एवढं उत्तर पुरेसं आहे. पण माझं खरं उत्तर थोडं वेगळं आहे. डिस्क कितीही जपली तरी ती प्रतच. 'नेक्स्ट जनरेशन' पुन्हा उभी राहिली कारण सीझन संपल्यावर कोणीतरी ते डबे फेकून दिले नाहीत, जागेचं भाडं भरलं, वर चिठ्ठ्या नीट लावल्या. त्या माणसांची नावं श्रेयनामावलीत नाहीत.

त्या निगेटिव्हचं वय आता चाळिशीकडे चाललं आहे, 'डीप स्पेस नाइन'ची तिशी उलटली आहे. फिल्म थंड आणि कोरड्या जागी खूप टिकते, पण कायमची नाही. रंग हळूहळू उतरतात. आणि कोणता तुकडा कशासाठी होता हे सांगू शकणारी माणसं फिल्मपेक्षा लवकर संपतात. ज्यांनी ही यानं उडवली त्यातले अनेकजण अजून हयात आहेत. काम करायचं तर ते याच वर्षांत करायला हवं.