‘देशी टाकू की इम्पोर्टेड?’

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की छत्रपती संभाजीनगरातल्या खासगी नेत्र रुग्णालयात काउन्सेलर ताई एक लॅमिनेट केलेला तक्ता पुढे सरकवतात. डावीकडे भिंगांची नावं, उजवीकडे रुपये. आजोबांचा मुलगा आधी उजवी बाजू वाचतो आणि विचारतो, ‘देशी टाकू की इम्पोर्टेड?’ त्याच बैठकीत आणखी दोन प्रश्न हमखास निघतात. आजी म्हणतात, ‘पण अजून पिकला कुठंय?’ आणि सून विचारते, ‘लेझरनंच काढता ना?’ या तिन्ही प्रश्नांना आपापलं कूळ आहे, आणि तिन्ही आपला काळ संपल्यावरही मागे राहिलेत.

भिंग निवडणं हा प्रकारच फार अलीकडचा. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूवरची शस्त्रक्रिया आहे, पण ती शलाकेनं गढूळ भिंग बाजूला सारण्याची. भिंग काढायचं नाही, नजरेच्या वाटेतून हलवायचं. उजेड परत येई, माणसं ओळखू येत, आणि पुष्कळ डोळे पुढे कायमचे जातही. भिंग बाहेर काढायची आधुनिक पद्धत पॅरिसच्या जाक दाव्हिएलनं 1747 मध्ये सुरू केली. या सगळ्या काळात रुग्णाच्या हाती निवड एकच होती: डोळा कुणाच्या हाती द्यायचा.

ती निवड डोळसपणे करायची सोय आपल्याच एका राजाकडे होती. शहरापासून तीसेक किलोमीटरवरचं वेरूळ हे भोसल्यांचं गाव. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांची शाखा तंजावरला नांदली आणि तिथं सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ 1798 ते 1832) यांनी धन्वंतरी महाल उभारला. तिथल्या नेत्ररुग्णांचे केसपेपर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. रुग्णाची तक्रार, केलेले उपचार आणि सोबत त्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र. राजे स्वतः शस्त्रक्रिया करत असंही सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती नोंद ठेवायची शिस्त. दोनशे वर्षांपूर्वी ती होती, तर आज मागायला संकोच कसला?

आता आजींचा प्रश्न. शिबिरांच्या जमान्यात गढूळ भिंग त्याच्या पिशवीसकट अख्खं ओढून काढत. डोळ्याला मोठी चीर, वर टाके, उशाशी दोन्हीकडे वाळूच्या पिशव्या आणि हलायचं नाही अशी ताकीद. नंतर मिळे तो जाड भिंगाचा, अधिक दहाच्या आसपास नंबरचा चष्मा. त्यातून प्रत्येक गोष्ट पाव पट मोठी दिसे, पायरीचा अंदाज चुके. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसरा बरा असेल तर दोन्ही डोळ्यांत दोन आकारांची चित्रं दिसत, ती मेंदूत जुळत नसत. असल्या सौद्यात डोळा पुरता निकामी होईतो थांबणं शहाणपणाचंच होतं. ‘पिकू द्या’ हा तेव्हा डॉक्टरांचाच सल्ला होता. आज तो उलटतो. पिकलेलं भिंग कडक होतं, फोडायला जास्त ताकद लागते आणि डोळ्याला त्रास वाढतो.

डोळ्यात भिंग बसवायची कल्पना लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांची. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या फुटलेल्या छतांचे पर्स्पेक्सचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले आणि डोळ्यांनी ते मुकाट्यानं सहन केले, हे त्यांनी पाहिलं होतं. 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग पहिल्यांदा वापरलं. भिंग डोळ्यानं स्वीकारलं, पण नंबर साफ चुकला आणि रुग्णाला मोठा उणे नंबर लागला. भिंगापेक्षा मोजमाप अवघड, हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला होता. समव्यावसायिकांनी त्यांना वर्षानुवर्षं वेड्यात काढलं. ‘सर’ ही पदवी मिळाली ती 2000 मध्ये, मृत्यूच्या वर्षभर आधी.

1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी दात साफ करणाऱ्या अल्ट्रासाउंड यंत्रावरून सुचलेली फेकोची युक्ती आणली: भिंग आतल्या आत फोडायचं आणि शोषून घ्यायचं. चीर तीन मिलिमीटरवर आली, मग घडी होणारं भिंग हवं झालं. मऊ भिंगाच्या खटपटीत मुंबईही होती; डॉ. केकी मेहता यांचा सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यावरचा निबंध 1978 सालचा.

‘देशी की इम्पोर्टेड’ जन्मला तो यानंतर. ऐंशीच्या दशकात भिंग बाहेरून येई आणि शंभर डॉलरच्या आसपास पडे. ज्याला परवडे त्याच्या डोळ्यात भिंग, बाकीच्यांच्या नाकावर जाड चष्मा. तेव्हा ‘इम्पोर्टेड’ शब्दाला खरोखर वजन होतं. 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पुढाकारानं अरोलॅब निघाली आणि भिंग दहा डॉलरच्या घरात आणून बसवलं. पुढे हीच भारतीय भिंगं शंभराहून जास्त देशांत गेली. 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. त्या वर्षांत सरकारी ऑपरेशनांतही भिंग रुळलं. लातूरच्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने जे. जे. रुग्णालयातून गोरगरिबांसाठी ऑपरेशनं करत राहिले, तेही भिंग स्वस्त झाल्यामुळेच शक्य झालं. त्यामुळे आज देश विचारणं हे पेनाची शाई कुठली, यावरून पत्र जोखण्यासारखं आहे.

सुनेच्या लेझरचं मूळ वेगळंच. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागची, आता डोळ्यातच ठेवली जाणारी पिशवी धुरकटते, तेव्हा लेझरनं तिला खिडकी पाडतात. पाच मिनिटांचं ते काम ‘लेझरनं मोतीबिंदू काढला’ म्हणून गल्लोगल्ली पोचलं. फेम्टोसेकंद लेझर आता ऑपरेशनातही वापरतात, पण भिंग शोषून काढायचं काम तिथंही फेकोचंच.

मग विचारायचं काय? आधी स्वतःला: मला चष्म्याशिवाय काय दिसायला हवं? साधं मोनोफोकल भिंग एका अंतराचं असतं. पैठणीच्या मागावर बसणारा ते जवळचं मागू शकतो, एसटीचा चालक लांबचं. मल्टिफोकल उजेड वाटून देतं, त्याची किंमत रात्री मोजावी लागते. जालना रोडवर समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. रात्री गाडी चालवणाऱ्यानं आणि मधुमेहानं पडदा बिघडलेल्यानं ते आग्रहानं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बुबुळाला तिरका नंबर मोठा असेल तर तो तिरकेपणा भरून काढणाऱ्या टोरिक भिंगाचे पैसे सार्थकी लागतात.

मग सर्जनला. डोळ्याची लांबी कशानं मोजली आणि पुन्हा पडताळली का? एक मिलिमीटर चुकलं तर नंबर अडीच-तीननं चुकतो. ऑपरेशन कोण करणार, तुम्ही की सहायक? पिशवी फाटली तर पुढची सोय इथंच आहे का? कडक मोतीबिंदूला फेकोऐवजी बिनटाक्याची छोट्या चिरेची पद्धत बरी पडेल का? सरकारी घाटी रुग्णालयात जा की खासगीत, हे विचारायला पैसे पडत नाहीत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल तर आपणहून सांगा. तिनं बाहुली ऐन वेळी आकसते आणि बुबुळाचा पडदा लुळा पडतो. गोळी स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नका.

आणि डिस्चार्जच्या वेळी भिंगाच्या डबीवरचं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर आणि मुदतीची तारीख असते. मेडिक्लेमवाले ते मागतात, आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टरही तेच बघतात.