वारं गेलं म्हणजे काय?

कल्याण-डोंबिवलीकडच्या आपल्या घरांतून कोणाचा हात-पाय एकाएकी लुळा पडला, की ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणत. हे वारे म्हणजे बहुधा मेंदूच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची रीत शोधली. तीच रीत वापरून मुंबईचे डॉ. पी. एम. दलाल व त्यांचे सहकारी यांनी रुग्णांची पुनःपुन्हा चित्रे घेतली. काहींच्या बाबतीत गुठळी आपोआप विरघळली होती! १९६५ साली ‘लॅन्सेट’ने हे निरीक्षण छापले. परंतु वाट मोकळी होईतो मेंदूच्या पेशी मेल्या तर उपयोग काय? खरा पेच वेळेचाच. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ साली; ते योग्य रुग्णास साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. दलालांनी पुढे मोजदादही केली. २००५-०६ च्या त्यांच्या मुंबईतील पाहणीत वर्षाला लाखामागे १४५ जणांना पहिला झटका आलेला आढळला. त्यांतील सुमारे ३० टक्के २८ दिवसांत दगावले.

आमच्या आजोबांची ती पहिली दुपार तेल चोळण्यातच गेली होती.