राजा घाट: कुठला राजा?

आजचा भाग वाराणसीच्या राजा घाटावरून, आणि नव्या फोनवरून.

फोन घेऊन आठवडाच झालाय. बोट अजून जुन्या फोनच्या सवयीने भलतीकडेच जातं. पण दिवेलागणीनंतरही फोटो लख्ख येतात. मघाशी चहा घेतला, टपरीवरचा कोड स्कॅन केला, पैसे गेले. नकाशा उघडला तर निळा ठिपका बरोबर नारद घाट आणि पांडे घाट यांच्या दरम्यान: 'राजा घाट'. कुठला राजा, हे मात्र ठिपका सांगत नाही.

मंडळी, तो राजा नव्हताच. या घाटाचं आधीचं नाव अमृतराव घाट. अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे थोरले भाऊ. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसले. इकडे पुण्यात होळकरांनी कारभार अमृतरावांकडे दिला आणि त्यांचा मुलगा विनायकराव याला गादीवर बसवण्याचा घाट घातला. तो घाट काही महिन्यांतच कोसळला. १८०३ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या पाठबळावर बाजीराव पुण्यात परतले. ऑगस्टमध्ये अमृतरावांनीही इंग्रजांशी करार केला: वर्षाला सात लाख रुपयांचा तनखा. पुढे ते काशीत राहिले.

पुण्यातला घाट गेला, काशीतला राहिला. या पायऱ्या त्यांनी दगडात बांधून काढल्या, देवळं उभारली. त्यातल्या देवांची नावं ऐका: अमृतेश्वर, विनायकेश्वर. बापाचं आणि लेकाचं नाव महादेवाच्या नावात गुंफलेलं. गादीवर टिकलं नाही ते नाव पिंडीपाशी तरी टिकावं, असं त्यांना वाटलं असेल का? मला तसं वाटतं.

१८२० मध्ये जेम्स प्रिन्सेप इथल्या टांकसाळीत नोकरीला आला. त्याने शहर मोजून नकाशा काढला, काशीची चित्रं काढून छापली. माझा निळा ठिपका क्षणात जे सांगतो, त्यासाठी त्याला गल्लोगल्ली फिरावं लागलं. अमृतराव १८२४ मध्ये वारले. फोटो काढायची कला पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली. म्हणजे त्यांचा फोटो असणं शक्यच नाही. उरलं ते फक्त नाव, आणि तेही घाटावरून पुसलं गेलं.

आता हे मी का सांगतोय? नव्या फोनमध्ये जुन्यातले सगळे फोटो आपोआप आले. त्यात एक आजी-आजोबांच्या काशीयात्रेचा निघाला. कधीतरी अल्बममधून टिपलेला. पायऱ्यांवर सहा माणसं, मागे गंगा. इथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, ही आजीशेजारची बाई कोण गं?"

आईने चष्मा लावला, फोन जवळ घेतला, लांब धरला. "अरे, आजीची मैत्रीण असणार. नाव... तुझी आजी असती तर सांगितलं असतं बघ."

सहापैकी चौघांची नावं कळली. फोटो इतका स्वच्छ, की त्या बाईच्या पदराचे काठ मोजता येतात. नाव मात्र गेलं. अमृतरावांचं उलट झालं: चेहरा नाही, पण कागदपत्रांत आणि देवळांत नाव सापडतं, कारण ते कुणीतरी लिहून ठेवलं.

मग पायरीवर बसून त्या फोटोखाली चौघांची नावं टाइप केली. पुढे 'अमृतराव घाट' असंही लिहायला गेलो, तर कीबोर्डने 'अमृतरस' सुचवलं. ते खोडून पुन्हा 'अमृतराव' लिहिलं.

तुम्हीही आज एवढं करा. फोनमधला एक जुना फोटो काढा आणि घरातल्या थोरल्या माणसाला नावं विचारा. फोटो फोन सांभाळेल. नावं आपल्यालाच लिहावी लागतील.

भेटू पुढच्या भागात.