इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर कसं टाकायचं? ऑफलाइन इन्स्टॉलची पूर्ण माहिती

मोबाईलवर ॲप टाकायचं म्हणजे प्ले स्टोअर उघडायचं, 'इन्स्टॉल' दाबायचं, झालं काम. पण ज्या कॉम्प्युटरला नेटच नाही त्यावर सॉफ्टवेअर कसं टाकणार? मी बीड जिल्ह्यातला, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. गावाकडे आलो की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. बालाघाटच्या डोंगरातल्या काही गावांत रेंज धड मिळत नाही. कुठे लॅबमध्ये कॉम्प्युटर आहेत, पण ब्रॉडबँड नाही. आणि कधी असलेलं नेटही जातं. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात बीडमध्ये संचारबंदी लागली, तेव्हा इंटरनेटही बंद ठेवलं होतं. म्हणून ऑफलाइन इन्स्टॉल प्रत्येकाला यायला हवं.

मूळ गोष्ट समजून घ्या

बहुतेक सॉफ्टवेअर एकटं येत नाही. त्याला चालायला दुसऱ्या फाइली लागतात, त्या फाइलींना आणखी तिसऱ्या. यांना डिपेंडन्सी म्हणतात. नेट असलं की कॉम्प्युटर हे सगळं गुपचूप स्वतः डाउनलोड करतो, म्हणून आपल्याला कळतही नाही. नेट नसलं की हे काम आपल्यावर येतं. एक फाइल पेनड्राइव्हवर नेऊन भागत नाही, अख्खं बिऱ्हाड न्यावं लागतं.

आधी बघा, ऑफलाइनची गरज आहे का?

कॉम्प्युटर एकच असेल आणि फोनला रेंज असेल, तर यूएसबी टेदरिंग सगळ्यात सोपं. केबल लावा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. पण लॅबमध्ये २० कॉम्प्युटर असतील आणि सॉफ्टवेअर ३०० एमबीचं असेल, तर एकूण ६ जीबी डेटा जाईल. रोजचा दीड जीबीचा पॅक किती दिवस पुरणार? तेच एकदा डाउनलोड करून वीस ठिकाणी टाकलं तर ३०० एमबीत काम होतं.

पायरी १: त्या कॉम्प्युटरची माहिती लिहून घ्या

डाउनलोड करण्याआधी कॉम्प्युटरसमोर बसून एवढं टिपून घ्या:

- विंडोज कोणतं? ७, १० की ११?
- सिस्टिम ३२ बिट आहे की ६४ बिट?
- डिस्कवर जागा किती शिल्लक आहे?
- पायथनचं काम असेल तर पायथनचं व्हर्जन कोणतं?

विंडोजचं व्हर्जन आणि बिट हे विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे दिसतं. विंडोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. जुन्या विंडोजकडे खास लक्ष द्या. विंडोज ७ वर क्रोमचं १०९ हे शेवटचं व्हर्जन चालतं आणि पायथनचं ३.८. त्यापुढचं नेलं तर फेरी वाया.

पायरी २: विंडोजसाठी 'पूर्ण' इन्स्टॉलर घ्या

बऱ्याच साइटवर मोठं बटण दाबलं की एक-दोन एमबीची फाइल मिळते. तो वेब इन्स्टॉलर असतो. तो उघडल्यावर खरं सॉफ्टवेअर नेटवरून ओढतो, म्हणून आपल्याला उपयोगाचा नाही. साइटवर 'ऑफलाइन' किंवा 'स्टँडअलोन' इन्स्टॉलर शोधा. फाइलचा आकार बघितला तरी फरक लगेच कळतो.

सॉफ्टवेअर टाकल्यावर 'अमुक डीएलएल सापडत नाही' असा एरर आला, तर ती एकटी डीएलएल कुठल्याही साइटवरून उतरवू नका. बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचं 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' नसतं. ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घेऊन सोबत ठेवा.

पायरी ३: पायथनची पॅकेजेस

समजा, एका कॉलेजच्या लॅबमध्ये पायथन ३.८ आहे, नेट नाही, आणि प्रॅक्टिकलला पांडास हवं आहे. पांडासला नमपाय लागतं, डेट-युटिल लागतं आणि डेट-युटिलला सिक्स लागतं. हे हाताने शोधत बसू नका. नेट असलेल्या कॉम्प्युटरवर 'पिप इन्स्टॉल'च्या जागी 'पिप डाउनलोड' वापरा. सगळं बिऱ्हाड एका फोल्डरमध्ये जमा होतं.

इथे एक मेख आहे. पिप ज्या कॉम्प्युटरवर चालतो, त्याला जुळणाऱ्या फाइली उतरवतो. तुमच्या लॅपटॉपवर नवीन पायथन असेल तर त्या फाइली लॅबमध्ये चालणार नाहीत. म्हणून 'पायथन-व्हर्जन', 'प्लॅटफॉर्म' आणि 'ओन्ली-बायनरी' हे ऑप्शन देऊन लॅबची माहिती सांगा. फाइलच्या नावात सीपी ३८ दिसलं तर ती पायथन ३.८ ची. एएमडी ६४ दिसलं तर घाबरू नका, ती ६४ बिटची खूण आहे, इंटेलवरही चालते.

लॅबमध्ये 'पिप इन्स्टॉल'ला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे ऑप्शन द्या. पहिल्याचा अर्थ, नेटवर शोधू नको. दुसऱ्याचा अर्थ, या फोल्डरमध्ये शोध.

उबुंटू किंवा डेबियन असेल तर

यासाठी 'ॲप्ट-ऑफलाइन' नावाचं टूल आहे. ते रितेश राज सर्राफ यांनी बनवलं आहे. काम तीन टप्प्यांत होतं. 'सेट' केलं की नेट नसलेला कॉम्प्युटर काय काय हवं त्याची यादी एका फाइलमध्ये देतो. ती फाइल नेट असलेल्या कॉम्प्युटरवर नेऊन 'गेट' करा, हा कॉम्प्युटर विंडोजचा असला तरी चालतो. मग परत येऊन 'इन्स्टॉल' करा. किराणा दुकानात यादी देऊन सामान आणावं तसंच. फक्त हे टूल दोन्हीकडे आधी असायला हवं.

पायरी ४: फोन आणि पेनड्राइव्ह

डाउनलोड फोनवरच करणार असाल तर ब्राउझरच्या मेन्यूतून 'डेस्कटॉप साइट' चालू करा. नाहीतर काही साइट तुम्हाला सरळ प्ले स्टोअरवर पाठवतात. नंतर केबल लावून 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि डाउनलोड फोल्डरमधून फाइल घ्या.

पेनड्राइव्ह फॅट ३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जात नाही, जागा असली तरीही. अशा वेळी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मात्र आधीचा डेटा दुसरीकडे काढून ठेवा, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.

पायरी ५: टाकण्याआधी तपासा

ही पायरी कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. नेट नसलेल्या कॉम्प्युटरचा अँटिव्हायरस जुना झालेला असतो. एका पेनड्राइव्हमधून व्हायरस पूर्ण लॅबमध्ये पसरतो, आणि प्रोजेक्टच्या फाइली जातात त्या विद्यार्थ्यांच्या. म्हणून पेनड्राइव्ह नेट असलेल्या कॉम्प्युटरवर स्कॅन करूनच न्या. व्हॉट्सॲपवर आलेला सेटअप किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर नेऊ नका.

बऱ्याच अधिकृत साइट फाइलसोबत एसएचए-२५६ कोड देतात. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' कमांडने आपल्या फाइलचा कोड काढता येतो. दोन्ही ६४ अक्षरं जुळली तर फाइल पूर्ण आणि मूळची आहे. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी डाउनलोड पुन्हा करा.

शेवटची टीप

सगळं जमा झालं की त्याच प्रकारच्या एका कॉम्प्युटरवर नेट बंद करून आधी इन्स्टॉल करून बघा. तिथे चाललं तर बाकीच्यांवर चालेल. आणि तो फोल्डर डिलीट करू नका. त्यावर तारीख आणि विंडोजचं नाव लिहून जपून ठेवा. पुढच्या वेळी गावात कुणाला गरज लागली, तर तुमच्या खिशात दुकान तयार असेल.