सहा वाजून चार मिनिटं अडतीस सेकंद

खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत. घटना घडली दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात, कुरूच्या प्रक्षेपण तळावर. तिथे तेव्हा सकाळ होती. पण प्रताप नगरात जावा शिकवताना मी हा घटनाक्रम फळ्यावर नागपूरच्या घड्याळाने मांडतो, म्हणजे समोरच्या पोरांना ती वेळ आपली वाटते. जूनचा पहिला आठवडा, ऊन कललेलं, कूलरच्या टाकीत पाणी भरायची वेळ. ‘एक्सेप्शन हँडलिंग’ हा धडा पुस्तकात चार-सहा पानांत उरकतो: ट्राय, कॅच, फायनली, थ्रो, थ्रोज, आणि परीक्षेत एक हमखास प्रश्न. त्या प्रश्नामागे काय आहे, हे ४ जून १९९६ च्या संध्याकाळी जेवढं उघड झालं तेवढं कुठल्याच पुस्तकात मला सापडलेलं नाही.

काही वर्षं आधी

एरियन-४ हे युरोपचं भरवशाचं रॉकेट. १९८८ साली ते पहिल्यांदा उडालं. आपला इन्सॅट-२सी उपग्रहही डिसेंबर १९९५ मध्ये त्यानेच कुरूहून वर नेला. रॉकेट कुठे आहे, त्याचं तोंड कुठे आहे, वेग किती आहे, हे सतत मोजणारं एक यंत्र त्यात बसवलेलं असे. त्याचं नाव एसआरआय. त्यातलं सॉफ्टवेअर एडा भाषेत लिहिलेलं होतं.

ते लिहिणारे लोक निष्काळजी नव्हते, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पोरं लगेच हसायला लागतात. कुठल्या ओळीत एक्सेप्शन येऊ शकतं, याचा त्यांनी ओळीओळीने तपास केला होता. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची असेल तर धोका उघड आहे. १६ बिटांत ३२,७६७ च्या वरची संख्या मावतच नाही. अशी जोखीम असलेले सात व्हेरिएबल त्यांना सापडले. चौघांना संरक्षण दिलं, तिघांना दिलं नाही. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि प्रत्येक तपासणीला वेळ लागतो. शिवाय ‘या तिघांच्या किमती एवढ्या वाढूच शकत नाहीत’ असा हिशेब मांडलेला होता. एरियन-४ पुरता तो हिशेब बरोबरही होता. त्या तिघांपैकी एकाचं नाव बीएच. रॉकेटच्या आडव्या वेगाशी त्याचा संबंध.

हा निर्णय का घेतला, ते कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. कागदपत्रांच्या ढिगात ते दबून गेलं. बाहेरून तपासणाऱ्याला चार ठिकाणी कुलूप दिसणार, तीन ठिकाणी नाही, आणि का नाही ते कळायला मार्ग नाही. कॉमेंट लिहा म्हटलं की पोरांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या वेळी मी त्यांना या तीन व्हेरिएबलांकडे परत आणतो.

एरियन-५ च्या तयारीत

नवं रॉकेट मोठं होतं, पण एसआरआयचं सॉफ्टवेअर बऱ्याच अंशी तेच ठेवलं. चालत्या कोडला हात कशाला लावायचा, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. चूक पुढे झाली. एरियन-५ च्या उड्डाणमार्गाचे आकडे एसआरआयच्या आवश्यकतांमध्ये घालायचेच नाहीत, असं सर्वसंमतीने ठरलं. नव्या मार्गावर आडवा वेग एरियन-४ च्या पाचपट झपाट्याने वाढणार होता. तो मार्ग देऊन एसआरआयची चाचणी झाली असती तर बीएच जमिनीवरच उघडं पडलं असतं. ती झाली नाही.

बीएचचा हिशेब ज्या भागात होत होता त्याचं काम अलाइनमेंट, म्हणजे उड्डाणाआधी यंत्र स्थिर करून घेणं. रॉकेटने जमीन सोडली की त्याचा उपयोग संपला. तरी ते उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंद चालू राहत असे, कारण एरियन-४ ला अगदी शेवटच्या क्षणी उलटगणती थांबली तर पुन्हा चटकन सुरू करता यावी अशी सोय हवी होती. १९८९ मध्ये एकदा ती कामालाही आली. एरियन-५ ला त्या सोयीची गरज नव्हती.

आणि एक नियम होता. एसआरआयमध्ये कुठलंही एक्सेप्शन आलं तर बिघाड झाल्याचं कळवा, तपशील मेमरीत साठवा आणि प्रोसेसर बंद करा. नियमामागचा समज असा की बिघाड होईल तो सुट्या भागात, आणि एक यंत्र बिघडलं तर राखीव यंत्र आहेच.

४ जून १९९६, सायंकाळी ४.५८

उलटगणती शेवटच्या सात मिनिटांवर येऊन थांबली. हवामान ठीक होतं, पण दृश्यमानता हवी तेवढी नव्हती. ५.०५ ला प्रक्षेपणाची मुभा सुरू होणार होती, ती वेळ अशीच गेली. रॉकेटच्या माथ्यावर युरोपीय अवकाश संस्थेचे क्लस्टर नावाचे चार उपग्रह होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास चौघांनी मिळून करायचा होता.

५.५७

आकाश मोकळं झालं, गणती पुन्हा सुरू.

६.०३.५६

दोन्ही एसआरआय उड्डाणाच्या स्थितीत गेले. इथून ५० सेकंद अलाइनमेंट चालणार, म्हणजे ६.०४.४६ पर्यंत. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा.

६.०३.५९

मुख्य इंजिन पेटलं. सुमारे सात सेकंदांनी दोन्ही बूस्टरसह रॉकेटने जमीन सोडली. सगळं सुरळीत.

६.०४.३५ आणि थोडं पुढे

बीएच ३२,७६७ च्या पुढे गेलं. राखीव एसआरआयमध्ये ‘ऑपरंड एरर’ नावाचं एक्सेप्शन फेकलं गेलं.

इथे मी थांबतो आणि पोरांना विचारतो की यात वाईट काय झालं. बहुतेक जण म्हणतात, एरर आली. पण हीच ओळ जावात लिहून बघा. ४०,००० ही दशांश संख्या शॉर्टमध्ये कास्ट करा आणि छापा. पडद्यावर उणे २५,५३६ येतं. ना एक्सेप्शन, ना सूचना. चुकीची संख्या निमूट पुढे जाते आणि तिच्यावर पुढचे हिशेब चढतात. एडाने निदान ओरडून सांगितलं की ही संख्या मावत नाही. एक्सेप्शनचं काम तेवढंच असतं आणि ते त्याने चोख केलं. प्रश्न असा आहे की ते ओरडणं ऐकायला कोण बसलं होतं.

एक्सेप्शन फेकलं गेलं की चालू मेथड तिथेच थांबते. तिला ज्याने बोलावलं त्याच्याकडे विचारणा जाते की तुझ्याकडे याचा कॅच आहे का. नसेल तर त्याच्याही वर, आणि असं करत अगदी मेनपर्यंत. या वरच्या प्रवासाला अर्थ आहे. खालच्या मेथडला संख्या मावली नाही एवढंच माहीत असतं. ती संख्या कशासाठी हवी होती आणि तिच्यावाचून काम चालेल का, हे वरच्याला माहीत असतं. म्हणून कॅच तिथे लिहायचा जिथे निर्णय घेण्यापुरती माहिती आहे. एसआरआयमध्ये वर विचारणा गेली तेव्हा उत्तर एकच ठरलेलं होतं: बंद करा. कोणती मेथड, कोणतं व्हेरिएबल, त्याची आत्ता गरज तरी आहे का, यातलं काही विचारायची सोयच नव्हती. जावात सांगायचं तर सगळ्यात वरच्या थ्रोएबलला एकच कॅच लावून आत सिस्टिम डॉट एक्झिट लिहावं, तसं.

राखीव यंत्र बंद पडलं.

०.०५ सेकंदांनंतर

मुख्य एसआरआयही त्याच कारणाने बंद. दोघांचं हार्डवेअर एक, सॉफ्टवेअर एक, आणि दोघांनाही तोच वेग दिसत होता. एकाच छापखान्यातून निघालेल्या दोन प्रती ताडून छपाईची चूक सापडत नाही.

पुढचे दोन सेकंद

माझ्या मते या घटनाक्रमातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे, आणि एरियनची गोष्ट सांगणारे बरेच जण तो घाईने ओलांडतात.

बंद होताना मुख्य एसआरआयने आपल्या बिघाडाची माहिती, म्हणजे निदानाचे बिट, मुख्य संगणकाकडे पाठवली. पाठवली त्याच वाटेने, ज्या वाटेने एरवी वेग आणि दिशा जात असत. मुख्य संगणकाने ते बिट उड्डाणाचे आकडे समजून वाचले. त्या आकड्यांप्रमाणे रॉकेट भलतीकडे वळलं होतं. प्रत्यक्षात ते सरळ चाललं होतं.

जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये फंक्शन बिघडलं की उणे एक परत करत असे. बोलावणाऱ्याने तपासलं तर ठीक, नाही तर तो उणे एकलाच उत्तर समजून बेरजेत घेणार. ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांमध्ये एक्सेप्शन हा स्वतंत्र ऑब्जेक्ट असतो तो यासाठीच. त्याला स्वतःचा क्लास असतो, संदेश असतो, कुठून निघालो याचा माग असतो, आणि तो उत्तराच्या वाटेने परत येत नाही. त्याला कोणी बेरजेत घेऊ शकत नाही. इनहेरिटन्समुळे त्याचे प्रकारही पाडता येतात. बँकेच्या प्रोग्रॅममध्ये ‘अपुरी शिल्लक’ हा वेगळा क्लास करता येतो आणि ‘सर्व्हर सापडत नाही’ हा वेगळा. पहिल्यासाठी ग्राहकाला सांगायचं, दुसऱ्यासाठी पुन्हा प्रयत्न करायचा. म्हणून नेमका कॅच आधी, सर्वसाधारण शेवटी. जावाचा कंपायलर उलटा क्रम चालूच देत नाही. कुरूच्या त्या तारेवर बिघाड आणि उत्तर यांत असा फरक उरला नव्हता.

मुख्य संगणकाने बूस्टरचे नोझल पूर्ण वळवले, पाठोपाठ मुख्य इंजिनाचंही. न झालेल्या चुकीची दुरुस्ती सुरू झाली. रॉकेट हवेत २० अंशांहून जास्त तिरपं झालं.

६.०४.३८

हवेच्या दाबाने रॉकेट तुटायला लागलं. तुटताच स्फोट घडवणारी स्वयंचलित यंत्रणा तिच्या नेमणुकीप्रमाणे चालली. उंची सुमारे चार किलोमीटर, तळापासून अंतर एक किलोमीटर. चारही उपग्रह गेले.

आता फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा बघा, ६.०४.४६. आणखी आठ सेकंदांनी ते अलाइनमेंट आपोआप बंद होणार होतं.

पुढचे दिवस

अवशेष पाच किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद पट्ट्यात विखुरले होते. त्यात दोन्ही एसआरआय सापडले. बंद पडण्याआधी तपशील साठवायचा नियम पाळला गेला होता, म्हणून मुख्य यंत्राच्या मेमरीतून कारण वाचता आलं. कॅचमध्ये निदान लॉग तरी लिहा असं मी सांगतो, त्याला आधार हा आहे. फ्रेंच गणिती झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसलं आणि १९ जुलै १९९६ ला अहवाल आला. अपघातातून दीड महिन्यात इतका स्पष्ट आणि कोणालाही पाठीशी न घालणारा अहवाल निघाला, याचा मला आजही आदर वाटतो.

आपल्याकडे हे घडलंच नव्हतं असंही नाही. २० सप्टेंबर १९९३ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं आणि आयआरएस-१ई उपग्रह गेला. त्याच्या कारणांमध्येही नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधला ओव्हरफ्लो होता. पुढच्याच वर्षी पीएसएलव्ही यशस्वी झालं.

क्लस्टरचे शास्त्रज्ञही थांबले नाहीत. चार उपग्रह पुन्हा बांधले गेले आणि २००० साली बैकानूरहून सोयूझ रॉकेटांनी दोन-दोन करून वर गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपला इन्सॅट-३बी एरियन-५ वरूनच गेला.

प्रताप नगर, लॅबची वेळ

माझ्याकडे येणारी पोरं बहुतेक इंजिनिअरिंगची. परसोडीचं आयटी पार्क इथून जवळ, आणि त्यांचा डोळा तिथल्या नोकरीवर. प्रोजेक्ट तपासताना मला वारंवार एकच गोष्ट दिसते: कॅच, कंसात एक्सेप्शन ई, आणि महिरपी कंसांत काहीच नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘सर, लाल रंग येत होता, तो गेला.’ लाल रंग गेला, पण फाईल उघडली नव्हती ती नव्हतीच. हजेरीच्या यादीत सगळ्यांच्या नावापुढे शून्य. एरियनच्या एसआरआयने प्रत्येक एक्सेप्शनला टोकाचं उत्तर दिलं, हा रिकामा कॅच कुठल्याच एक्सेप्शनला उत्तर देत नाही. एक्सेप्शन काय सांगतंय ते दोघांनीही ऐकलेलं नाही.

म्हणून त्या दिवशी मी एकच काम देतो. तुम्ही १९९० च्या आसपास एसआरआयवर बसला आहात, बीएच मावत नाही, कॅच लिहा. कोणी लिहितं, संख्या ३२,७६७ वर अडवा आणि पुढे चला. कोणी लिहितं, शेवटचं बरोबर मूल्य वापरा आणि मुख्य संगणकाला वेगळ्या वाटेने कळवा. दोन्हींवर वाद होतो, आणि झालाच पाहिजे, कारण अडवलेली संख्यासुद्धा खोटीच असते. ती कोणी वापरणार आहे का, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. मंडळानेही सांगितलं होतं की कुठल्याही सेन्सरने आपल्या परीने जमेल ती माहिती देणं थांबवू नये. मग एखादी पोरगी हात वर करते आणि विचारते, ‘सर, रॉकेट उडाल्यावर हा कोड चालूच कशाला ठेवायचा?’ अहवालातली पहिली शिफारस तीच आहे.