‘चौथा वंश’ : तळटीप

१४. चौथा वंश : कपाशीवर मर रोग आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचा भारतीय वंश. या बुरशीचे सगळे वंश सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात, त्यामुळे नुसत्या नजरेने निवाडा होत नाही. जी. एम. व जे. के. आर्मस्ट्राँग यांनी १९६० मध्ये कापसाच्या निरनिराळ्या जाती, तंबाखू, सोयाबीन अशा रोपांना बुरशीची लागण करून कोणते मरते आणि कोणते तगते ते पाहिले. त्यावरून पहिले दोन वंश अमेरिकेचे, तिसरा इजिप्तचा आणि चौथा भारताचा ठरला. हल्ली हीच ओळख डीएनए चाचणीने लवकर पटते. आपल्या काळ्या जमिनीत चौथ्या वंशाचा मार प्रामुख्याने देशी कपाशीवर. अमेरिकन कपाशी येथे सहसा वाचते. लेखकाचा ‘परदेशी गेलेला पाहुणा’ हा टोमणा कॅलिफोर्नियाला उद्देशून आहे : तेथील सान वाकीन खोऱ्यात २००१ मध्ये हा वंश आढळला आणि पिमा कपाशीला भोवला. पहिल्या वंशाला सहसा मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची साथ लागते, याला लागत नाही. पुढे येणारी ‘आकस्मिक मर’ बुरशीजन्य नाही. वाचकांनी गल्लत करू नये. — संपा.