वडसा लाईनवरचा खटला आणि चौघांचं पत्र

गोंदियाहून वडशाला जाणारी गाडी आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या सवयीची आहे. कुणाचं माहेर तिकडे, कुणाची लेक तिकडे दिलेली. अर्जुनी मोरगाव मागं पडलं की थोड्या वेळानं वडसा येतं, कागदोपत्री देसाईगंज. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली गडचिरोली जिल्हाच नव्हता, तो भाग चंद्रपुरात मोडायचा. आपलं गोंदियाही भंडाऱ्यात होतं, आणि या मार्गावर छोटी लाईन धावायची.

त्या वर्षी २६ मार्चच्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी बयाण द्यायला आली होती. आईबाप नाहीत, भावाजवळ राहायची, मजुरी करायची. डॉक्टरांच्या अंदाजानं वय चौदा ते सोळा. भावानंच तक्रार केली होती, म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं. बयाण झालं, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवून घेतलं. त्या रात्री ठाण्यातल्या एका पोलिसानं आपल्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्यानं अंगाला हात लावला, असं तिनं बाहेर येऊन सांगितलं.

खटल्याच्या कागदांत तिचं नाव आहे. मी ते घेणार नाही. का, ते पुढे कळेल.

बाहेर ती ज्या बाईकडे कामाला जायची ती बाई उभी होती. आतला दिवा बंद झालेला पाहून तिनंच आवाज दिला, माणसं गोळा झाली. गावानं ठाण्याला घेरलं, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली. मला या हकिकतीत ही बाई फार मोठी वाटते. तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोघांनाही सोडलं, उलट मुलीलाच खोटारडी ठरवलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. मग १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं दोघांना पुन्हा निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं विरोध केल्याचं दिसत नाही, असं कारण दिलं.

निकाल कायद्याच्या पुस्तकांत छापला गेला. ती पुस्तकं वकील वाचतात, आपण नाही. वर्षभर फारसं कोणी बोललं नाही. मग १६ सप्टेंबर १९७९ ला कायदा शिकवणाऱ्या चौघांनी देशाच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार ही त्यांची नावं. त्यांचा मुख्य सवाल आपल्या बैठकीत कोणीही विचारेल असाच होता. रात्रीची वेळ, बंद दार, समोर वर्दीतला माणूस. अशा वेळी पोरगी गप्प राहिली तर तो होकार झाला का? भिऊन मान खाली घालणं वेगळं आणि राजी असणं वेगळं.

पत्र छापून आलं आणि बाया रस्त्यावर उतरल्या. नागपुरात प्रा. सीमा साखरे यांनी हा प्रश्न लावून धरला. ८ मार्च १९८० ला शहराशहरांत मोर्चे निघाले. शेवटी १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या बाईवर असा अत्याचार झाल्याचा खटला चालला आणि संबंध आल्याचं सिद्ध झालं, तर ‘माझी मर्जी नव्हती’ हा तिचा शब्द न्यायालयानं आधी धरायचा. मर्जी होती हे आरोपीनं दाखवायचं. पीडितेचं नाव छापायला बंदी आली तीही तेव्हाच. म्हणून मी नाव घेतलं नाही.

त्या मुलीला मात्र काही मिळालं नाही. फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला. नवा कायदा मागच्या गुन्ह्याला लागत नाही.

धगमवार बाईंनी पुढे १९८५ मध्ये दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढली आणि सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत कायदा शिकवायला सुरुवात केली. आता कायद्याची पदवी नुकतीच घेतलेल्या मुलामुलींसाठी फेलोशिपही असतात. म्हणजे वर्ष-दोन वर्षं मानधन मिळतं आणि त्यांनी गरिबांच्या खटल्यांवर काम करायचं. नागपूर आणि येरवड्याच्या तुरुंगांतल्या कैद्यांसाठी असे फेलो काम करत आले आहेत. आपल्या गटातल्या कोणाची लेक वकिली शिकत असेल तर तिच्या कानावर हे घाला. घरच्यांना वाटतं, पदवी झाली की लगेच मोठ्या वकिलाच्या हाताखाली बसावं, तरच चार पैसे दिसतील. तेही खोटं नाही.

मागच्या बैठकीत मी हे सांगत होते, तर एक काकू म्हणाल्या, “पण आमाले वकील कोण देते? पैसा लागते ना ताई.” तर ऐका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला वकील फुकट मिळतो. तिचं उत्पन्न किती, जात कोणती, हे बघत नाहीत. गोंदियाला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, त्यांनी लिहून घ्यायचं असतं. नेमून दिलेल्या वकिलानं तुमच्याकडून फी मागायची नाही. मागितली तर तिथेच तक्रार करा. फोन करायचा असेल तर नंबर १५१००. काकूंनी तो बचतीच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतला, शेजारणीच्या पेनानं.